स्टेटस : पेंडिंग

व्हिसा स्टेटसचं पान एका दिवसात जास्तीत जास्त किती वेळा रिफ्रेश केलंयत तुम्ही? अगदी खरं सांगा. माझा रेकॉर्ड 29 वेळांचा आहे.

2018 ची गोष्ट. लंडनच्या ऑनसाइटचं पत्र हातात होतं, बॅग अर्धी भरलेली होती, कोल्हापूरहून आईने कांदा-लसूण चटणीचा डबा धाडून दिला होता आणि पासपोर्ट मात्र कुठल्याशा टेबलावर अडकला होता. एकूण 19 दिवस. त्या 19 दिवसांत माझी झोप उडाली, जेवण अर्ध्यावर आलं, मॅनेजरशी विनाकारण खटके उडाले. आणि वाईटात वाईट काय होणार होतं? व्हिसा नाकारला गेला असता, तर मी हिंजवडीतल्या त्याच क्यूबिकलमध्ये, त्याच डगमगत्या खुर्चीवर बसले असते. बस्स!

आता हीच वाट बघणं जरा मोठं करून बघा. 19 दिवसांच्या जागी 19 महिने. या काळात नोकरी करायची परवानगी नाही. राहायचं कुठे, कुणाबरोबर, हे तुम्ही ठरवायचं नाही. आणि शेवटी ‘नाही’ असं उत्तर आलं, तर जिथून जीव मुठीत घेऊन पळालात तिथेच परत जायची भीती.

लंडनमध्ये दर शनिवारी मला अशी वाट बघणारी माणसं भेटायची. त्यांच्याबद्दलच सांगायचंय.

तीन नियम

झालं असं, की पहिले दोन महिने संपल्यावर लंडनचं नवेपण ओसरलं. बिग बेन बघून झालं, फोटो टाकून झाले. शनिवार-रविवार खायला उठायचे. टीममधली एक मुलगी म्हणाली, ‘माझ्याबरोबर ये. चहा तर करता येतो ना तुला?’

एका चर्चच्या मागच्या हॉलमध्ये चालणारं ते ड्रॉप-इन सेंटर. असायलम मागणारे, म्हणजे आश्रय मागणारे लोक तिथे यायचे. गरम जेवण, जुने कपडे, इंग्रजीचे वर्ग, एक सल्लागार वकील, पोरांसाठी खेळणी. पोलिस तपासणीचा दाखला आला, अर्ध्या दिवसाचं ट्रेनिंग झालं आणि मी चहाच्या टेबलामागे उभी राहिले.

ट्रेनिंगमधले तीन नियम मला आजही पाठ आहेत. एक, ‘तुम्ही इथे का आलात?’ हे कुणालाही विचारायचं नाही. दोन, ‘सगळं ठीक होईल’ असं वचन द्यायचं नाही. तीन, भाषा येत असली तरी डॉक्टर आणि वकिलापुढे दुभाषा व्हायचं नाही. ते प्रशिक्षित माणसाचं काम आहे.

पहिला नियम मला सगळ्यात विचित्र वाटला. आपल्याकडे ट्रेनमध्ये शेजारी बसलेल्या माणसाला गाव, पगार, लग्न सगळं विचारून होतं हो! पण ट्रेनरने नीट समजावलं. या माणसाने आपली गोष्ट पहिल्याच दिवशी सरकारी अधिकाऱ्याला सांगितलेली असते. मग वकिलाला. मग डॉक्टरला. मग मोठ्या मुलाखतीत तासन्‌तास. प्रत्येक वेळी ती गोष्ट खरी आहे की नाही, हे कुणीतरी जोखत असतं. एक तरी खोली अशी हवी, जिथे त्याला फक्त ‘साखर किती?’ एवढंच विचारलं जाईल.

इथे शब्दांचा एक घोळ मिटवून टाकू. आपण मराठीत सरसकट ‘निर्वासित’ म्हणतो. कायद्यात मात्र दोन पायऱ्या आहेत. 1951 च्या जिनिव्हा करारानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे छळाची रास्त भीती असलेला आणि स्वतःच्या देशाबाहेर असलेला माणूस म्हणजे रेफ्युजी. हा शिक्का मिळेपर्यंत तो असायलम सीकर, म्हणजे अर्जदार. आणि मनाची सगळ्यात जास्त ओढाताण होते ती या अर्जदार असण्याच्या काळात.

जिगर खून

तो अफगाणिस्तानचा. वय 26, म्हणजे माझ्याच वयाचा. नाव सांगत नाही आणि ओळख पटेल असे तपशीलही गाळलेत. आमची गट्टी जमली ती हिंदीमुळे. काबूलमध्ये आपले सिनेमे घरोघरी बघतात, आणि 2000 नंतरच्या दशकात तुलसी विराणीच्या सिरियलने तिथे दरीत डब होऊन धुमाकूळ घातला होता. त्याची आई ती सिरियल बघताना रडायची, असं त्याने मला पहिल्याच दिवशी सांगितलं. मी म्हटलं, माझीपण!

तो मला ‘ख्वाहर जान’ म्हणायचा. ख्वाहर म्हणजे बहीण. तीन चमचे साखर घालून चहा घ्यायचा आणि भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसायचा. दर शनिवारी तीच खुर्ची. कुणी आधीच बसलेलं असलं तर उभा राहायचा, पण दाराकडे पाठ करायचा नाही.

एकदा म्हणाला, ‘नींद नहीं आती. तीन महिने से.’ मग छातीच्या खाली, उजवीकडे हात ठेवून म्हणाला, ‘जिगर खून.’

मी नुसती बघत राहिले. त्याने समजवायचा प्रयत्न केला, पण हिंदी अपुरी पडली. पुढे वाचताना कळलं, की काबूलमध्ये काम केलेल्या मानसशास्त्रज्ञांनी हा शब्द नोंदवून ठेवला आहे. कुणी गेलं, काही भयंकर सोसावं लागलं, की जे दुःख आत साचतं त्याला दरी भाषेत ‘जिगर खून’ म्हणतात. 2006 मध्ये संशोधकांनी अफगाण लोकांसाठी प्रश्नावली छापली, तिच्यात असे तिथलेच शब्द वापरले होते. कारण ‘तुम्हाला डिप्रेशन आहे का?’ असं विचारलं, तर माणूस ‘नाही’ म्हणतो. ‘जिगर खून आहे का?’ म्हटलं, की त्याचे डोळे भरून येतात.

आपलं तरी काय वेगळं आहे? माझी आज्जी आयुष्यात कधी ‘अँग्झायटी’ म्हणाली नाही. तिच्या ‘जिवाला घोर’ लागायचा. ‘काळजाचं पाणी’ व्हायचं. ‘जीव टांगणीला’ लागायचा. फंडा साधा आहे : मनाचं दुखणं बरं करायचं, तर आधी ते ज्या भाषेत दुखतं त्या भाषेत ऐकावं लागतं.

ब्रिटनमध्ये असायलम अर्जदाराला सरकारी आरोग्यसेवा मोफत आहे. जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे नाव नोंदवायला ओळखपत्र किंवा पत्त्याचा पुरावा नसला तरी चालतं. हे बऱ्याच अर्जदारांना ठाऊक नसतं आणि कधीकधी काउंटरवरच्या माणसालाही. 2018 पासून ‘डॉक्टर्स ऑफ द वर्ल्ड’ ही संस्था ‘सेफ सर्जरीज’ नावाने दवाखान्यांना हेच समजावून सांगतेय. सेंटरमधल्या एका रिटायर्ड नर्सबाईंनी त्याला जीपीकडे नेलं. फोनवर दरी बोलणारा दुभाषा जोडून दिला गेला. तेव्हा प्रथमच कुणीतरी त्याला विचारलं, की स्वप्नं पडतात का? कुठली? दार बंद असलं तरी भीती वाटते का? मरून जावंसं वाटतं का?

हा शेवटचा प्रश्न विचारल्याने माणूस मरणाकडे ढकलला जात नाही बरं का. उलट विचारल्यानेच तो बोलू लागतो. त्याचं उत्तर ‘कभी कभी’ असं होतं.

संक्रांतीच्या आसपास, पुराच्या वर्षी

त्याची मोठी मुलाखत जवळ येत होती आणि त्याला सगळ्यात जास्त टेन्शन होतं ते तारखांचं.

अफगाणिस्तानात तेव्हा वर्ष मार्चच्या नवरोझला सुरू व्हायचं आणि त्यांच्या कॅलेंडरात 2018 साली 1397 चालू होतं. त्याच्या आयुष्यातली भयंकर घटना 1395 सालातली. महिना आठवतो, कारण द्राक्षं उतरली होती. तारीख? ‘कौन याद रखता है!’

मला आज्जी आठवली. माझ्या बाबांचा जन्म ती ‘संक्रांतीच्या आसपास’ असा सांगते आणि घर बांधलं ते ‘पुराच्या आदल्या वर्षी’. कुठला पूर, ते आपण ओळखायचं. या बाईला परक्या देशात, परक्या भाषेत, तिच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट दिवसाची तारीख विचारली आणि दोनदा सांगताना चार महिन्यांचा फरक पडला, तर ती खोटारडी ठरेल का?

यावर एक छान अभ्यास आहे. 2002 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेला. जेन हर्लिही आणि सहकाऱ्यांनी कोसोवो आणि बॉस्नियातून आलेल्या निर्वासितांना त्यांचा एक भयंकर आणि एक साधा अनुभव दोन वेगवेगळ्या दिवशी विचारला. या लोकांना ब्रिटनमध्ये राहायची परवानगी आधीच मिळालेली होती, म्हणजे खोटं बोलून काहीही पदरात पडणार नव्हतं. तरीही दोन वेळच्या सांगण्यात फरक पडला. मुख्य घटनेपेक्षा बारीकसारीक तपशिलांत जास्त. आणि ज्यांना आघाताचा त्रास खूप होता, त्यांच्या बाबतीत दोन मुलाखतींतलं अंतर वाढलं तसे फरकही वाढले.

म्हणजे बघा, ज्याचं मन सगळ्यात जास्त जखमी, त्याचीच गोष्ट सगळ्यात जास्त डळमळीत ऐकू येणार. म्हणून इथे मानसिक आरोग्य हा उपचारांपुरता विषय राहत नाही, न्यायाचाही होतो. आघात समजणारा डॉक्टर अर्जदाराला तपासून अहवाल लिहू शकतो. छळाच्या खुणा, शरीरावरच्या आणि मनावरच्या, कशा नोंदवायच्या याची ‘इस्तंबूल प्रोटोकॉल’ नावाची आंतरराष्ट्रीय पद्धत 1999 पासून आहे आणि 2022 मध्ये ती सुधारली गेली.

लंडनमध्ये हे काम करणाऱ्या संस्थांच्या मुळाशी एक बाई आहेत, हेलन बॅम्बर. 1945 मध्ये, विशीच्या उंबरठ्यावर असताना त्या बर्गेन-बेल्सनच्या मुक्त झालेल्या छळछावणीत मदतीला गेल्या. तिथे वाचलेली माणसं त्यांना धरून ठेवायची आणि बोलत राहायची. ऐकणं हीसुद्धा मदत असते, हे त्यांनी तिथे पाहिलं. 1985 मध्ये त्यांनी छळ झालेल्यांसाठी वैद्यकीय संस्था काढली, तीच आजची ‘फ्रीडम फ्रॉम टॉर्चर’. या संस्थेत औषधं आणि थेरपीबरोबर एक लेखनगट चालतो आणि चक्क शेतीचाही प्रयोग झाला. लंडनमधल्या वाफ्यांवर माणसं भाज्या लावायची आणि थेरपिस्ट शेजारी उकिडवं बसून त्यांच्याशी बोलायचा.

बॅले डान्सरला नोकरी, मला नाही

आता पैशांचं गणित. तुम्ही-आम्ही पगारदार माणसं, ते आधी कळतं! 2018 मध्ये अर्जदाराला आठवड्याला 37.75 पौंड मिळायचे, म्हणजे दिवसाला साडेपाच पौंडांहून कमी. बसचं एका बाजूचं भाडं दीड पौंड. सेंटरला येऊन-जाऊन तीन पौंड संपले, की उरलेल्यात दिवस काढा. (2024 च्या जानेवारीत ही रक्कम 49.18 पौंड झाली. महागाई किती झाली, ते वेगळं सांगायला नको.)

मग नोकरी का करत नाहीत? कारण परवानगी नाही. 12 महिने निर्णय आला नाही, आणि उशीर अर्जदारामुळे झालेला नसला, तरच कामाची परवानगी मागता यायची. तीसुद्धा तुटवडा असलेल्या व्यवसायांच्या यादीतल्या कामांसाठीच. त्या वेळी या यादीत क्लासिकल बॅले नर्तक होते! आमच्या या मित्राने काबूलमध्ये फ्रिज आणि एसी दुरुस्तीचं दुकान चालवलं होतं. यादी वाचून दाखवली तेव्हा तो जो हसला! मी त्याला हसताना पहिल्यांदा पाहिलं ते त्या दिवशी. म्हणाला, ‘ख्वाहर जान, कमर में दर्द है, वरना नाच लेता.’

हसण्यावारी नेऊ नका, कारण विज्ञान इथेच आहे. 2005 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये श्रीमंत देशांत स्थायिक झालेल्या सुमारे 7000 निर्वासितांवरच्या अभ्यासांचा आढावा आला. प्रौढांपैकी साधारण दर 10 जणांमागे एकाला पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा मनोविकार होता. त्या देशांतल्या त्याच वयाच्या लोकांपेक्षा हे प्रमाण जवळपास दहापट. भयंकर आहेच. पण दुसऱ्या बाजूने वाचा : दहातल्या नऊ जणांना तो नव्हता. एवढं सोसूनही! माणूस मुळात चिवट आहे.

मग ही चिवट माणसं मोडतात कशाने? नेदरलँड्समध्ये इराकी अर्जदारांचा अभ्यास झाला, तो 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. देशात येऊन सहा महिनेही न झालेल्यांपैकी 42 टक्के लोकांना कुठला ना कुठला मानसिक विकार होता. दोन वर्षांहून जास्त काळ निर्णयाची वाट बघणाऱ्यांमध्ये हेच प्रमाण 66 टक्के. मागे सोडून आलेलं युद्ध दोन्ही गटांचं सारखंच. फरक वाट बघण्याचा. काम नाही, घरच्यांची काळजी, पुढचा भरवसा नाही, आणि बाकीच्या गोष्टी याच्याच मागोमाग.

म्हणूनच 2007 मध्ये आंतरराष्ट्रीय मदतसंस्थांनी मिळून जो आराखडा काढला, तो पिरॅमिडसारखा आहे. सगळ्यात खाली, सगळ्यांसाठी : अन्न, छप्पर, सुरक्षितता. त्यावर : कुटुंब, आपली माणसं, प्रार्थना, खेळ. त्यावर : प्रशिक्षण घेतलेल्या साध्या कार्यकर्त्यांनी दिलेला आधार. आणि अगदी टोकावर, थोड्यांसाठी : मानसोपचारतज्ज्ञ. आपण टोकापासून विचार करतो. ‘काऊन्सेलरकडे जा ना!’ म्हणून मोकळे होतो. पण बसच्या तिकिटाला पैसे नसलेला माणूस काऊन्सेलरकडे पोचणार कसा?

दोरी, फुलं आणि दगड

तरीही टोकावरच्या त्या थोड्यांना तज्ज्ञच लागतो. त्याला लागला. रांग मोठी होती. जीपीने चिठ्ठी दिल्यापासून सात महिन्यांनी त्याचा नंबर आला.

तिथे काय चालतं, हे मी विचारलं नाही (नियम एक!). एका शनिवारी त्यानेच सांगितलं. जमिनीवर एक दोरी पसरली होती. म्हणाले, हे तुझं आयुष्य. चांगल्या आठवणीच्या जागी फूल ठेव, वाईट आठवणीच्या जागी दगड. ‘मैंने सोचा पागल लोग हैं,’ तो म्हणाला. मग त्याने पहिलं फूल ठेवलं, आजोबांबरोबर पतंग उडवल्याचं. दुसरं, दुकानाची चावी हातात आली त्या दिवसाचं. दगड किती ठेवले, ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

या पद्धतीला ‘नॅरेटिव्ह एक्स्पोजर थेरपी’ म्हणतात. जर्मनीतल्या कॉन्स्टान्झ विद्यापीठातल्या मॅगी शाउअर, फ्रँक नॉयनर आणि थॉमस एल्बर्ट यांनी ती घडवली आणि युगांडातल्या निर्वासितांच्या वस्तीत तिची पारख केली. तत्त्व असं, की आघाताची आठवण तारखेशिवाय, जागेशिवाय तुकड्यातुकड्यांत पडून राहते. म्हणून ती ‘आत्ता’ घडतेय असं वाटतं. दार वाजलं, की ते आलेच! थेरपिस्टच्या साथीने जन्मापासून आजपर्यंत ओळीने सांगत गेलं, की ते तुकडे आपापल्या जागी बसतात. शेवटी पूर्ण लिहिलेली जीवनकथा त्या माणसाच्या हातात दिली जाते. ब्रिटनच्या 2018 च्या पीटीएसडी मार्गदर्शक सूचनांतही या थेरपीचा समावेश आहे.

‘आधी कागद मिळू देत, मग थेरपी’ असं पूर्वी बरेच तज्ज्ञ म्हणायचे. डोक्यावर टांगती तलवार असताना जखम उघडायची कशी? शंका रास्तच होती. पण 2010 मध्ये नॉयनर आणि सहकाऱ्यांनी जर्मनीत ज्यांचा निकाल लागलेला नव्हता अशा अर्जदारांवरच ही थेरपी करून पाहिली आणि त्यांचा त्रास कमी झाला. तलवार तशीच राहते; रात्री मात्र थोडी झोप लागते.

त्याला लागायला लागली. चार तास, कधी पाच. आणि एका शनिवारी तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेला दिसला. दार पाठीमागे होतं. मी काही बोलले नाही. चहा नेऊन दिला. तीन चमचे.

‘हो’ आल्यानंतर

2019 च्या शरदात त्याला ‘हो’ आलं. पाच वर्षं राहायची परवानगी. सेंटरमध्ये पेढ्यांसारखे डोनट वाटले गेले.

आणि मग जे झालं, त्यासाठी मी तयार नव्हते. सिनेमा असता तर इथे गाणं वाजलं असतं. प्रत्यक्षात ‘हो’ आल्यावर सरकारी घर आणि आठवड्याचे पैसे 28 दिवसांत बंद व्हायचे, असा तेव्हाचा नियम. चार आठवड्यांत नोकरी, बँक खातं आणि लंडनमध्ये भाड्याची खोली शोधायची. (तुम्ही लंडनमध्ये खोली शोधली असेल, तर हसू आवरा.) दीड वर्ष ताणून धरलेली दोरी सैल पडावी तसा तो त्याच काळात कोसळला. दोन आठवडे आला नाही. नर्सबाई शोधत गेल्या तेव्हा अंथरुणात पडून होता. ‘अब रोने का टाइम मिला,’ एवढंच म्हणाला.

सेंटरच्या अनुभवी मंडळींना यात नवल वाटलं नाही. जीव वाचवायची धावपळ चालू असते तोवर मन दुःखाला ‘नंतर ये’ म्हणतं. ‘नंतर’ आलं, की ते येतंच. त्यामुळे आधार काढून घ्यायची सगळ्यात चुकीची वेळ म्हणजे निकालाचा दिवस. त्याच्या थेरपिस्टने ते ओळखलं होतं. भेटी चालू राहिल्या. एका अफगाण कुटुंबाने खोली दिली. तीन महिन्यांनी एसी दुरुस्तीच्या कंपनीत तो हेल्पर म्हणून लागला.

वळिवड्याच्या बायका

हे सगळं मी फोनवर आज्जीला सांगायचे. तेव्हा 84 वर्षांची होती. ती एकदा म्हणाली, ‘आमच्या वळिवड्याला पोलंडच्या बाया हुत्या, तशातलंच की गं हे.’

मी कोल्हापूरची, गांधीनगरच्या बाजारात शंभरदा कापड घेतलेली, पण हे माझ्या डोक्यात कधी जोडलंच गेलं नव्हतं. स्टालिनने सैबेरिया आणि कझाकस्तानकडे हाकललेले पोलिश लोक तिथून सुटून इराणमार्गे भारतात आले. 1943 ते 1948 या काळात कोल्हापूर संस्थानात, वळिवड्याच्या छावणीत त्यातले सुमारे 5000 जण राहिले. बहुतेक बायका आणि मुलं. छावणीत त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता, नाटकं व्हायची. त्यानंतर तिथेच फाळणीत सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वस्ती झाली, तेच आपलं गांधीनगर. 2019 च्या सप्टेंबरमध्ये, आमच्या मित्राला ‘हो’ यायच्या सुमारास, त्या छावणीत लहानाचे मोठे झालेले काही वृद्ध कोल्हापूरला येऊन गेले. महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे.

आज्जीची आई छावणीच्या दारात भाजी विकायची. आज्जी सांगते, ‘एक बाई रोज यायची. बोलायची न्हाई. नुसती वांगी हातात धरून उभी ऱ्हायची. आई तिला हातानं खुणवायची, जेवलीस काय? ती मान हलवायची. वर्साभरानं एक दिस तीच म्हनली, जेवलीस काय? आई रडलीच.’

तिथे मानसोपचारतज्ज्ञ होता की नाही, हे आज्जीला माहीत नाही. पण शाळा होती, चर्च होतं, नाटक होतं, आपल्या भाषेत बोलणारी शेजारीण होती. पिरॅमिडच्या खालच्या दोन पायऱ्या कोल्हापूरने रचल्या होत्या, तो आराखडा निघायच्या 60 वर्षं आधी.

मग आपण काय करायचं?

2020 मध्ये मी पुण्यात परत आले. 2021 च्या ऑगस्टमध्ये काबूल पडलं आणि पुण्यात शिकणारी अफगाण मुलं रातोरात अशी अडकली, की परत जायला देश होता आणि नव्हताही. भारताने 1951 च्या करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे असायलमचा वेगळा कायदा नाही. त्यामुळे ही मुलं कागदावर विद्यार्थी होती. त्यांच्या रात्री मात्र माझ्या ओळखीच्या होत्या.

आम्ही चार-पाच जणांनी मिळून जे केलं, ते अगदी साधं. जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये ‘सायकॉलॉजिकल फर्स्ट एड’ची पुस्तिका काढली. तिचं सार तीन शब्दांत : पाहा, ऐका, जोडून द्या. कुणाला तातडीची गरज आहे ते पाहा. तो जेवढं सांगेल तेवढंच ऐका, खोदू नका. आणि वकील, डॉक्टर, त्याचे गाववाले, फी भरायची योजना, जे लागेल त्याच्याशी त्याला जोडून द्या. एका मुलीला व्हिसा वाढवण्याचे फॉर्म भरायला मदत हवी होती. एकाला घरमालकाशी बोलणारं कुणीतरी. एक जण आठवडाभर झोपला नव्हता, त्याला डॉक्टरकडे नेलं. पुढे 2022 च्या ऑक्टोबरमध्ये सरकारची ‘टेलि-मानस’ हेल्पलाइन आली, 14416. हा नंबर माझ्या फोनमध्ये आहे, तुमच्याही असू दे. निर्वासितांसाठीच असं नाही, तुमच्या शेजारच्या क्यूबिकलसाठीसुद्धा.

हे करायला मानसशास्त्राची डिग्री लागत नाही. आपण थेरपिस्ट नाही हे पक्कं ठाऊक असणं, दिलेली वेळ पाळणं आणि ‘सगळं ठीक होईल’ असं न म्हणणं, एवढं लागतं. शेवटचं मला अजूनही जड जातं. जिभेवर येतंच ते.

परवा लंडनहून त्याचा फोटो आला. व्हॅन आहे, दारावर त्याचं नाव आणि ‘रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग’. खाली लिहिलं होतं, रात्री अजून कधीकधी जाग येते, पण मग परत झोप लागते.